आऱ्या सुटायच्या आत

१ फेब्रुवारी, शनिवार

सही केली नाही!

नवनाथ द्राक्षांची पेटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझा भाऊ पिंपळगावहून सातपूरला उगाच कधी येत नाही. चहा झाला. किशोरच्या कंपनीची चौकशी झाली. नवरा माझा पहिल्या पाळीहून आलेला, बसल्या बसल्या पेंगत होता. मग पिशवीतून कागद निघाला. हक्कसोडपत्र. अण्णांच्या तीन एकरांवरचा माझा हक्क मी राजीखुशीने भावाला सोडून देते — टाइप करून तयार! खाली माझं नाव. पेनसुद्धा घेऊन आला होता पठ्ठ्या.

राजीखुशीने म्हणे! विचारलं होतंस का मला, खुशी आहे का म्हणून?

"सगळ्याच बहिणी करतात ताई. त्यात काय एवढं?"

डोक्यात तिडीक गेली. अण्णांना जाऊन वर्ष झालं, तोवर हा विषय कुणी काढला नव्हता. म्हटलं, नाही करणार. तर म्हणतो कसा — "तू काय करणार जमीन घेऊन? सातपूरला बसून उंटावरून शेळ्या हाकणार? जमीन कसणाऱ्याची असती."

"मग कसते," म्हणाले.

तोंडातून निघून गेलं खरं. पण निघालं ते बरं झालं. एकवीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट सांभाळले. दिवाळीत कंपनी उठून दुसऱ्या गावी गेली, तेव्हापासून घरात बसून भिंती बघतेय.

किशोर जागा होऊन म्हणाला, "झालं का भांडण? मग जेवायला वाढ."

२ फेब्रुवारी, रविवार

गावी गेले, थेट कोंडाजी तात्यांकडे. अण्णांचे धाकटे भाऊ, ऐंशीला टेकलेत, पण नवनाथ अजून त्यांच्यापुढे मान खाली घालून बोलतो. तात्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग निकाल दिला. ओढ्याकडचं एक एकर मला. त्यात उन्हाळी भुईमूग. फुलं येऊन गेली की भुईमुगाच्या फांद्यांना सुईसारख्या आऱ्या सुटतात, त्या मातीत शिरतात आणि तिथे शेंग धरते. एकदा आऱ्या शिरल्या की खुरपं बंद, माती हलवायची नाही. जे तण राहिलं ते राहिलं.

"पाडव्याला मी रानात येईन," तात्या म्हणाले. "आऱ्या मातीत आन् रान निर्मळ दिसलं, तर नवनाथ, तू कागदाचं नाव काढायचं नाय. आन् तण दिसलं तर पोरी, तू मुकाट सही करायची."

दोघांनी हो म्हटलं. विहिरीचं पाणी मला दर चौथ्या दिवशी, दोन तास.

ओढ्याकडचंच रान का दिलं ते तिथे गेल्यावर कळलं. लव्हाळा आणि हरळी! अख्ख्या शिवारात यापेक्षा वाईट तुकडा नसेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टोकणी झाली. आधी रान ओलवलं होतं. पाणी मुरून वाफसा आल्यावर काल नवनाथ स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला. "रोटर मारून देतो ताई, रान भुसभुशीत होईल." मी म्हटलं, बरं होईल रे. मनात आलं, कितीही झालं तरी भाऊ आहे.

आज दाणे टोकून झाले आणि तात्या बांधावर आले. माती हातात घेतली. "रोटर कुणी फिरवला?" सांगितलं. तात्या मटकन खालीच बसले. "अगं, हरळीच्या रानात रोटर? एका मुळीचे शंभर तुकडे झाले. आता शंभर जागी फुटंल ती!"

नवनाथला फोन केला. मुद्दाम केलंस? तर चिडला — "सगळेच फिरवतात! मला काय सपान पडलं होतं? तूच म्हणालीस ना बरं होईल म्हणून." म्हणाले होते. खोटं नाही ते.

मुद्दाम केलं की नाही, देव जाणे. हरळी काही विचारणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उगवण छान! सगळंच उगवलंय. भुईमूग उगवलाय, हरळी उगवलीय, लव्हाळ्याने तर मांडव घातलाय. घोळ, माठ, दुधी — आमंत्रण नसलेले पाहुणे वेगळेच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुलाबाईच्या टोळीने आठ दिवसांचा शब्द दिला होता. निंदणीत तिचा हात धरणारं कुणी नाही या भागात. तीन दिवस आल्या सगळ्याजणी, एक कोपरा लख्ख केला, आणि आज निरोप — कांदा काढणी निघाली, तिकडे उक्तं काम आहे, पैसा जास्त. "ताई, राग मानू नका. पोटाचं हाय." राग कसला मानणार? मीही हेच केलं असतं. जाताना ओटीभर घोळ घेऊन गेली, भाजीला.

आता मी आणि माझं खुरपं.

पाऊस तर सोडाच, सकाळी दवसुद्धा पडत नाही. दोन तासांचं पाणी एकराला नुसतं चाटून जातं, माती विटेसारखी झालीय. लव्हाळा उपटायला गेलं की वरची पात हातात येते, गाठ खाली तशीच. तिसऱ्या दिवशी त्याच गाठीतून दोन कोंब वर! नवनाथ बांधावरून जाता जाता हसून गेला. मी म्हटलं, माती कडक आहे रे. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाला.

थांब म्हणावं!

२३ फेब्रुवारी, रविवार

श्यामला आली! माझी नणंद, किशोरच्या पाठची. देवळाली कॅम्पहून सकाळची पहिली बस पकडून, डोक्याला रुमाल, हातात दोन डब्यांची पिशवी. मी बोलावलं नव्हतं. "दादा म्हणाला तुम्ही एकट्याच मरताय. रविवारी मला तरी कुठं काम असतं?" शाळेत क्लार्क आहे ती. दिवसभर उकिडवी बसून काढलं तिने, आणि हात काय सुरेख चालतो! विचारलं, कुठे शिकलीस गं? "लग्नाआधी आमच्या शेतात मीच तर होते निंदायला. दादा कंपनीत, आईचे गुडघे दुखायचे."

दोघींनी मिळून चार वाफे काढले. तिच्या डब्यातला शेवग्याचा झुणका मी एकटीने संपवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज धीर सुटला. कबूल करते. एकूण वाफे साठ. आठवड्यात निघतात दहा, तोवर पहिल्या दहात पुन्हा उगवतं. नवनाथच म्हणाला, "अगं, फवारून टाक. तणनाशकाचा एक पंप, रान साफ." त्याच्याकडचा पंप घेतला, दुकानातून औषध आणलं. दुकानदार काहीतरी सांगत होता — मातीत ओल, वाफसा असल्याशिवाय मारू नका, वाऱ्यात मारू नका. मी घाईत. भर दुपारी, कोरड्या मातीवर, वारा सुटलेला असताना आठ वाफ्यांवर मारून मोकळी झाले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण! आठ वाफ्यांतल्या भुईमुगाची पानं करपल्यासारखी झालीत. लव्हाळा? जसाच्या तसा. टवटवीत नाही, पण मेलाही नाही. टेचात उभा आहे मेला.

बांधावर बसून रडले. मोठ्याने. कुणी नव्हतं आसपास असं वाटलं, पण सुलाबाई कांद्याच्या रानातून घरी चालली होती. आली, शेजारी बसली. रडू दिलं. मग म्हणाली, "ताई, तहानेलं तण औषध पीत नाय. जीव आवळून बसतंय ते. तुमी त्याला आधी पाणी पाजा."

"तणाला पाणी? दर चौथ्या दिवसाचं दोन तास पाणी, आणि ते तणाला पाजू?"

"पाजा. फुगू द्या. दोन दिसांनी माती ढिली झाली का कुदळीनं गाठीसकट वर येतंय. कोरड्यात उपटाल तर पाडव्यालाच काय, आखाडापर्यंत उपटत बसाल."

तात्यांना विचारलं. ते म्हणाले, सुला बरोबर बोलती. वर हेही म्हणाले की फुलं यायच्या आधी भुईमुगाला थोडा ताण बसला तर बिघडत नाही, उलट फुलं जोमाने येतात. पण एकदा फूल दिसलं की पाणी चुकवायचं नाही.

म्हणजे फूल दिसेपर्यंतच मुभा. फार तर बारा-चौदा दिवस.

२ मार्च, रविवार

ठरवलं. पाळीचं सगळं पाणी पंधरा वाफ्यांनाच. बाकीचे पंचेचाळीस कोरडे. पाणी चढत होतं तशी लव्हाळ्याची पात ताठ होत गेली. वाढदिवस करतेय मी त्याचा! पलीकडच्या वाफ्यांत भुईमुगाने पानं मिटून घेतली होती. श्यामला शेजारी उभी होती, म्हणाली, "बघू नका वहिनी तिकडे. उद्याचं बघा."

४ मार्च, मंगळवार

निघतंय!! गाठीसकट!

कुदळ बेताने घालायची, भुईमुगाच्या मुळाला धक्का नको, माती उचलायची आणि लव्हाळा ओढायचा. काळ्या गाठींची माळच्या माळ बाहेर येते. हरळीची मुळी तर हातभर लांब निघाली एक. सगळं बांधापलीकडे खडकावर पसरलं. हे कोरडं ऊन आता माझ्या कामाचं. संध्याकाळपर्यंत वाळून कोळ.

हाताला फोड आलेत. लिहिताना पेन टोचतंय. लिहिणारच.

९ मार्च, रविवार

तीस वाफे झाले. श्यामला आज पुन्हा आली. नवरा-मुलगा कुरकुर करत नाहीत का गं, विचारलं. "करतात की," म्हणाली आणि हसली.

काढता काढता तिने विचारलं, "वहिनी, तुम्हाला नाही म्हणायला जमलं कसं? कागद समोर, भाऊ समोर…"

मी जोरात होते. "त्यात जमायचं काय? हक्क आहे तो! ज्या सही करतात ना, त्या बावळट. भावाने पेन पुढे केला की लागल्या लिहायला."

ती वाफा संपवून पुढच्याला लागली. तिचा झपाटा बघून मलाही चेव आला. आजचा दिवस सगळ्यात जास्त काम झालं.

१३ मार्च, गुरुवार

पहिलं फूल. पिवळं, नखाएवढं. आनंद व्हायला हवा होता, पण पंधरा वाफे अजून राहिलेत आणि आता पाणी सगळीकडे द्यावं लागणार.

विहीर खाली गेलीय. दोन तासांचं पाणी सव्वा तासात आटतं. नवनाथ आला होता. आज हसला नाही. "ताई, सोड ना. तुझे हात बघ काय झालेत. मी काय तुला परका आहे? माहेर कुठं पळून चाललंय?" खरंच मायेने म्हणत होता. हेच तर अवघड आहे. ओरडला असता तर सोपं होतं.

म्हटलं, पाडव्याला बोलू.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

किशोरला सुट्टी. "रंग खेळायला चल," म्हटलं आणि रानात आणला! साहेबांनी आयुष्यात खुरपं धरलं नाही. पहिल्या वाफ्यात भुईमूगच उपटला. शेजारच्या रानातून सुलाबाई ओरडली, "दाजी, ते ठिवायचं अस्तंय!" दुपारपर्यंत त्याची कंबर धरली. पण संध्याकाळी घमेलं भरभरून तण खडकावर वाहून नेत होता. परत येताना स्कूटीवर मागे बसून म्हणाला, "एवढं सगळं एका सहीसाठी?" मी म्हटलं, एका सहीसाठी नाही, एका नाहीसाठी.

त्याला समजलं की नाही, कोण जाणे.

१९ मार्च, बुधवार

दहा राहिले.

२१ मार्च, शुक्रवार

सुलाबाई आपण होऊन आली, पहाटे पाचला, तिघीजणींना घेऊन. कांद्यावर जायच्या आधी दोन तास. "सावडीनं करू ताई. आमच्याकडं कार्य निघालं का तुमी या भाकरी थापायला." येईन की! रात्रभर थापीन.

चार राहिले.

२३ मार्च, रविवार

साठावा वाफा दुपारी साडेतीनला संपला. शेवटची लव्हाळ्याची गाठ श्यामलाने काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती ओढ्यात भिरकावली. मग दोघी वेड्यासारख्या हसत बसलो.

परतताना पहिल्या वाफ्याशी वाकून पाहिलं. फांदीखालून जांभळट सुई खाली निघालीय. आरी! टेकलीच आहे मातीला. एक दिवस उशीर झाला असता तरी खुरपं लावता आलं नसतं.

२७ मार्च, गुरुवार

आज ड्रम फिरवला. तात्यांचा हुकूम. भुईमुगावरून रिकामा पत्र्याचा ड्रम लोळवत न्यायचा, म्हणजे फांद्या दबतात आणि वरच्या आऱ्यांनाही माती मिळते. रस्त्यावरून जाणारी दोन पोरं गाडी थांबवून बघत राहिली — "मावशी, पीक चिरडताय का काय?" म्हटलं, तुमच्या आज्ज्याला विचारा जा!

दोन महिने जे फुलासारखं जपलं त्याच्यावरून ड्रम. पण संध्याकाळी पाणी दिलं, तासाभरात फांद्यांनी माना वर काढल्या.

३० मार्च, रविवार. पाडवा

घरी गुढी उभारली आणि नऊला रानात. श्यामला देवळालीहून परस्पर आली. तात्या काठी टेकत आले. नवनाथ मागे. हातात पिशवी — कागद आत असणार.

तात्या एकेक वाफा फिरले. घाई नाही. मध्येच वाकायचे, पाला बाजूला सारायचे, बघायचे, पुढे. करपलेल्या आठ वाफ्यांशी जास्त थांबले. तिथे भुईमूग खुजा राहिलाय, पण जगलाय. बाविसाव्या वाफ्यात नवनाथला एक लव्हाळा दिसला. "हा बघा तात्या!" तात्यांनी तो उपटला, गाठीसकट, खिशात टाकला. म्हणाले, "एका लव्हाळ्यानं रान बुडत नाय. तुझ्या कांद्यात चल, मोजून दाखवतो किती हायेत ते."

शेवटी बांधावर बसून पाणी प्यायले. "नवनाथ, काढ तो कागद."

नवनाथने काढला. तात्यांनी घेतला नाही. "मला नको. तूच काय करायचं ते कर."

त्याने चार तुकडे केले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मला वाटलं होतं होळीच्या आत पळशील." आणि रडायला लागला, वेडा! "अण्णा असते तर त्यांनी मलाच शिव्या घातल्या असत्या ताई." मीही रडले. भाऊ परत मिळाला आणि जमीनही. एप्रिलमध्ये मोजणीचा अर्ज करायचा, दोघांनी मिळून.

श्यामला तेवढ्यात विहिरीकडे गेली. तोंड धुऊन आली, डोळे लाल. ऊन लागलं असेल. तिला म्हटलं, घरी चल, श्रीखंड-पुरी आहे. नको म्हणाली, बस चुकेल.

जिंकले! मोठ्या अक्षरात लिहिते — जिंकले!

५ एप्रिल, शनिवार

मोजणीच्या अर्जाला माहेरच्या नावाचा पुरावा लागतो म्हणून कपाट उपसलं. तळाच्या पिशवीत किशोरच्या गावच्या जमिनीचे कागद. त्यात एक हक्कसोडपत्र, बारा वर्षांपूर्वीचं. लिहून देणार — श्यामला. राजीखुशीने. साक्षीदार पहिला, कुणी शेजारी. साक्षीदार दुसरी — मी.

माझीच सही. ठसठशीत.

त्या दिवशी तिला द्यायची साडी मी निवडली होती. पेनही मीच पुढे केला होता. "तुला काय करायचीय गं जमीन?" असं हसत म्हणाले होते, आणि ती हसली होती.

किशोर दुपारी येईल. हा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवलाय. त्याआधी श्यामलाला फोन करायचा आहे. दोनदा नंबर लावला आणि कापला. आता तिसऱ्यांदा लावते.